गोळ्या वाढवूनही फिट थांबत नाहीत, कारण ऑटोइम्यून असू शकतं का?

तुमच्या बहिणीला तीन औषधं चालू असूनही फिट येतात, एमआरआयच्या रिपोर्टात डावा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग) आकसलेला आलाय, आणि यामागे ऑटोइम्यून कारण, म्हणजे स्वतःवरच उलटलेली प्रतिकारशक्ती, असेल का, असं तुम्ही विचारलंय.

असू शकतं. मी डॉक्टर नाही, पण वडिलांच्या आजारपणात हे सगळं जवळून पाहिलंय. साठीनंतर अचानक त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू आणि त्याच बाजूचा हात क्षणभर आखडायला लागला, दिवसातून कित्येकदा. फिटच्या दोन गोळ्या झाल्या, तिसरी झाली, फरक शून्य. रक्तात सोडियम सारखं कमी यायचं, त्याचं खापर आम्ही त्यांच्या अळणी जेवणावर फोडलं! शेवटी एका डॉक्टरांनी मोबाइलवरचा व्हिडिओ पाहिला आणि एलजीआय-१ अँटिबॉडीची, म्हणजे मेंदूतल्या एलजीआय-१ प्रथिनावर हल्ला करणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या घटकाची, तपासणी सांगितली. ती पॉझिटिव्ह आली. स्टेरॉइड सुरू झाल्यावर झटके थांबले. स्मरणशक्ती मात्र पूर्ण परतली नाही.

फिटच्या गोळ्या मेंदूतली विजेची खळबळ दाबतात. ती खळबळ उठवणारी, स्वतःच्याच मेंदूवर उलटलेली प्रतिकारशक्ती तशीच राहते.

आता आकसण्याबद्दल. या आजारात हिप्पोकॅम्पस बऱ्याचदा आधी सुजतो, एमआरआयवर पांढरा चमकतो. काही महिन्यांनी सूज उतरते आणि पेशी मेल्या असतील तर तो आकसतो. पण लहानपणी तापात बराच वेळ चाललेल्या आकडीनंतरही असाच आकसलेला हिप्पोकॅम्पस दिसू शकतो. त्यामुळे एकट्या ताज्या रिपोर्टवरून कारण ठरत नाही. आणि जे आकसलं ते स्टेरॉइडने भरून येत नाही. तेव्हा आग अजून धुमसतेय का, हे आधी कळायला हवं.

अँटिबॉडी कोणती, यावरही बरंच ठरतं. एलजीआय-१ पेशीच्या बाहेरच्या प्रथिनाला चिकटते, उपचारांना सहसा चांगली दाद देते. जीएडी-६५ या दुसऱ्या अँटिबॉडीचं लक्ष्य पेशीच्या आत असतं, तिथे फिट आटोक्यात आणणं फार अवघड जातं. तरुण मुलींमध्ये एनएमडीए रिसेप्टर या मेंदूतल्या प्रथिनावरच्या अँटिबॉडीचा प्रकार जास्त दिसतो. त्यात आधी वागणं बिघडतं, भास होतात, आणि कधी कधी मूळ अंडाशयातल्या गाठीत निघतं. बहिणीचं असं काही झालं होतं का, आठवून पाहा.

तपासणी रक्ताची आणि पाठीतल्या पाण्याची, दोन्ही करतात. निगेटिव्ह आली म्हणून शंका पुरती मिटत नाही. चालू गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. आणि पहिल्या फिटच्या वेळचा एमआरआय असेल तर तो शोधा. नुसता कागद नको, सीडीसकट न्या.