कोट नाही, म्हणून किंमत नाही?

गेली काही वर्षं माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलामुलींकडून एक प्रश्न सतत ऐकतेय. ‘पॅरालीगलचं, म्हणजे वकिलांच्या मदतनिसाचं, शिकून वकिलांच्या ऑफिसात लागले, तर जन्मभर कारकूनच राहीन ना?’ विचारणारे बहुतेक पदवीधर, मराठी माध्यमाचे. घरात कुणी कोर्टाची पायरी चढलेलं नसतं. आईवडील तर थेटच विचारतात, ‘यात पुढं काय आहे, मॅडम?’

नुसती माहिती देऊन हा प्रश्न सुटत नाही. एका मुलीचा अनुभव सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी सोलापूरच्या पूर्वभागातली. घरी तेलुगू, आई विड्या वळते, हिचं बी.कॉम. झालेलं. पॅरालीगलची पदविका दूरशिक्षणाने चालू होती आणि दिवसा एका वकिलांकडे काम. आली ती ‘इंग्रजी कच्चं आहे, त्याचं टेन्शन येतं, झोप लागत नाही’ असं म्हणत. पहिल्या दोन भेटी इंग्रजीतच गेल्या. मला काही ते पटत नव्हतं. इंग्रजीची भीती असलेली मुलं शब्द चुकेल म्हणून घाबरतात. ही आपलं काम काय ते सांगतानाच खाली बघायची.

‘शेजारच्या काकू विचारतात, वकील झालीस का गं? मी म्हणते, नाही, वकिलांकडे असते.’

‘मग?’

‘मग काय. त्या हं म्हणतात आणि विषय बदलतात.’

मी म्हटलं, ‘वकील व्हावंसं वाटतं, ही झाली इच्छा. वकील झाले नाही तर मी कुणीच नाही, ही तू स्वतःवर घातलेली अट. यातलं तुझं कुठलं?’

तिने मान डोलावली. मान सगळेच डोलावतात, त्याने काही हलत नाही. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करणारी बाई. मनातलं मत पुराव्यासमोर उभं केल्याशिवाय सोडत नाही. आठवडाभर ऑफिसात काय काय केलंस ते वहीत लिहून आण, एवढंच सांगितलं.

वहीत बोर्ड (कोर्टातली त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघणं, नक्कलेचा अर्ज, झेरॉक्स, कोर्ट फी स्टॅम्प असं सगळं होतं. मध्येच एक ओळ होती: ‘चेकच्या फायलीत तारीख बघितली.’

‘हे काय?’

आणि ही मुलगी एका दमात बोलायला लागली. ‘टॉवेलवाल्या पक्षकाराचा चेक परत आला होता, मॅडम. चेक वटला नाही असा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. समोरच्याला नोटीस मिळाली की पैसे द्यायला १५ दिवस, नाही दिले तर त्यानंतर एका महिन्यात तक्रार. मेमो येऊन २७ दिवस झालेले आणि फाईल तशीच पडलेली. चेकचे ३ महिनेही संपलेले, म्हणजे परत बँकेत टाकायची सोय नाही.’

‘साहेबांना सांगितलंस?’

‘हो. दुसऱ्या दिवशी.’

‘त्याच दिवशी का नाही?’

‘मी कोण सांगणार?’

हे बोलून ती स्वतःच थांबली. मीही घाई केली नाही.

‘नोटीस राहिली असती तर?’

‘पक्षकाराचं नुकसान.’

‘तुझ्या इंग्रजीमुळे?’

ती हसली आणि लगेच डोळे पुसायला लागली. ‘नाही. मी गप्प बसले म्हणून.’

हा प्रश्न मला योग्य वेळी सुचला, याचा आजही आनंद आहे. तोवर मी तिच्या कमीपणाच्या भावनेकडे तिचं दुःख म्हणून बघत होते, आणि स्वतःच्या दुःखाशी माणूस वर्षानुवर्षं जुळवून घेतं. पण त्याच भावनेने दुसऱ्याच्या मुदतीतला एक दिवस खाल्ला, हे दिसल्यावर ती अट तिला परवडेना. पुढच्या भेटीत इंग्रजीचा विषय निघाला तो फक्त कुठला क्लास लावू एवढाच.

आता विचारणाऱ्या सगळ्यांसाठी. अधिवक्ता कायदा १९६१ प्रमाणे वकिली करायची तर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, लागते. पॅरालीगल पदविकेने, मग ती इग्नूची असो की आणखी कुणाची, सनद मिळत नाही. हे आधीच स्वीकारा, म्हणजे पुढं फसवल्यासारखं वाटणार नाही. वकील व्हायचंच असेल तर पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. आहे, ते नियमित वर्गात बसूनच करावं लागतं, दूरशिक्षणाचं चालत नाही. ऑफिसातलं काम त्यासाठी वाया जात नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक होता येतं, पण तिथे मानधन असतं, पगार नाही. लोकांशी बोलायचा सराव म्हणून मी तरी ते सुचवते.

तयारी मात्र आजपासून करा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही टायपिंग हवं. ई-कोर्ट या कोर्टांच्या संकेतस्थळावर १६ अंकी-अक्षरी सीएनआर (प्रत्येक केसचा स्वतंत्र) क्रमांक टाकून केस शोधता यायला हवी. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे जुनं आणि नवं दोन्ही कलम माहीत असलेला माणूस ऑफिसात हवाच असतो. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला बसतं आणि सोलापूर त्याच्या कक्षेत आहे. अपिलाची कागदपत्रं नीट लावणाऱ्याला ते मुंबईपेक्षा जवळ पडतं. आणि आपल्या गावात तेलुगू, कन्नड येणं ही लाजायची गोष्ट नाही हो! पक्षकार घाबरला की घरच्या भाषेतच खरं बोलतो. फक्त त्याचं बोलणं चहाच्या टपरीवर उघडं करू नका, एवढ्या एका कारणाने चांगली नोकरी जाते.

कामाला लागण्याआधी वकीलसाहेबांना विचारा, मसुदा करायला शिकवाल का, पक्षकाराशी बोलताना बसू द्याल का. वर्षभर नुसतं झेरॉक्स आणि चहाच चालला, तर ऑफिस बदला.