पायात गोळा नव्हताच आला

"पूलमध्ये मस्त पोहतो, पण तलावात उतरलं की छातीत धडधडतं, श्वासच मिळेना होतो, मी भित्रा आहे का हो मॅडम?" हा प्रश्न मला समुपदेशक म्हणून हल्ली बऱ्याचदा येतो, बेळगावात पळणारे आणि सायकलवाले वाढले तसे ट्रायथलॉनवालेही, म्हणजे एकाच रेसमध्ये पोहणं, सायकल आणि पळणं करणारेही, वाढले ना. उत्तर म्हणून एकाची गोष्टच सांगते. त्यांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, नाव तर नकोच, आपण त्यांना इथल्या कारखान्यांच्या वसाहतीवरून उद्यमबागवाले म्हणूया.

वय 42, स्वतःचं छोटं मशीन शॉप, मूळ गाव खानापूर तालुक्यात. माझ्याकडे आले ते झोप लागत नाही म्हणून. दोन भेटी नुसतं कामगार मिळत नाहीत, पार्टी पैसे थकवते हेच चाललेलं. तिसऱ्या भेटीत उठता उठता म्हणाले, "आणि एक आहे, पण ते किरकोळ आहे." किरकोळ म्हणत दाराशी सांगितलेली गोष्टच बहुतेक वेळा खरी असते, म्हटलं बसा परत.

तर आदल्या वर्षी त्यांनी पहिली ट्रायथलॉन केली, स्प्रिंट प्रकारची, 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर पळणं, ऑलिंपिकला असते तिच्या निम्मी. सायकल त्यांची जोरात, रविवारी गावाबाहेर लांब जांबोटीला जाऊन चहा पिऊन परत येणारा माणूस. पण पाण्यात शे-दीडशे मीटरवरच गडबड झाली, गढूळ पाणी, स्वतःचा हात दिसेना, मागच्याचा हात पायावर, पुढच्याची लाथ गॉगलवर, आणि श्वास घ्यायला गेले तर आत हवाच जाईना. हात वर केला, होडीत घेतलं, संपली रेस. घरी सांगितलं पायात गोळा आला, ग्रुपवर तेच, दुकानात तेच. आता यंदाचा फॉर्म भरून बसलेले आणि रात्री दोन वाजता छताकडे बघत पडायचे.

"मॅडम, मी विहिरीत पोहायला शिकलेला माणूस, पाठीला डबा बांधून काकानं ढकललेलं, मला पाण्याची कसली भीती?"

इथं बऱ्याच जणांना वाटतं की समुपदेशक आता बालपण खोदणार, विहिरीत काहीतरी घडलेलं निघणार. नाही निघालं काही. उलट विहिरीत ते मजेत पोहायचे, फक्त डोकं वर ठेवून! तोंड पाण्यात घालून फ्रीस्टाइल शिकले चाळिशीत, तेही पूलमध्ये, जिथं तळाला काळी रेघ दिसते आणि 25 मीटरवर धरायला भिंत असते. तलावात रेघ पण नाही आणि भिंत पण नाही.

आधी त्यांना डॉक्टरकडे पाठवलं, ईसीजी, स्ट्रेस टेस्ट सगळं. यावर मी अडून बसते, कारण ट्रायथलॉनमध्ये जे थोडे मृत्यू होतात त्यातले बहुतेक पोहतानाच होतात, त्यामुळे चाळिशी पार केलेल्या माणसाची धडधड "मनाचं आहे" म्हणून मी सोडत नाही. रिपोर्ट चांगले आले, मग पुढचं.

डॉक्टरांना विचारूनच एक प्रयोग केला, माझ्या ऑफिसात, खुर्चीवर. तीस सेकंद भरभर, छोटे छोटे श्वास घ्यायला लावले. विसाव्या सेकंदाला चेहरा बदलला, बोटांना मुंग्या, डोकं हलकं, आणि ओरडलेच, "हेच ते! हेच झालेलं पाण्यात!" पंख्याखाली, कोरड्या अंगानं, तेच. श्वास मिळत नाही असं वाटतं तेव्हा खरं तर छाती भरलेली असते, माणूस बाहेर सोडायचं विसरतो आणि भरलेल्या घागरीत वरून आणखी ओतत बसतो. म्हटलं आता लांब सोडा, हळू. दोन मिनिटांत गडी जागेवर. त्या दिवशी जाताना भित्रा हा शब्द त्यांनी एकदाही काढला नाही.

पुढचे दोन महिने काय केलं तर पूलमध्ये तोंड बुडवून गुणगुणत श्वास सोडायचा (गुणगुणताना श्वास कोंडताच येत नाही, करून बघा), मग भिंत न धरता मध्येच मुद्दाम थांबायचं, पाठीवर पडायचं, आकाश बघायचं, परत सुरू. थांबायची प्रॅक्टिस! पोहायची प्रॅक्टिस सगळे करतात, थांबायची कोणी करत नाही. नियमातही थांबायला मनाई नाही, कुठल्याही स्ट्रोकनं पोहा, दमलात तर थांबलेली होडी किंवा बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) धरून दम खा, फक्त तिच्या आधारानं पुढं सरकायचं नाही. हे त्यांना माहीतच नव्हतं, त्यांना वाटायचं थांबलं की बाद.

मग गावची विहीर. काका काठावर, सोबत एक पोहणारा भाचा, दोर, ट्रॅक्टरची ट्यूब, सगळा बंदोबस्त. एकट्यानं उतरायचं नाही ही माझी अटच होती. काका वरून ओरडायचे, "डोकं बुडवून कशाला पोहायलास रे, सरळ पोह की!" हिरव्या पाण्यात हात दिसत नाही, तोंड आत, गुणगुणत फेऱ्या. भाच्याला सांगितलेलं की मध्येच पाय ओढायचा. पहिल्यांदा शिव्या बसल्या, चौथ्यांदा हसू आलं.

आणि पायातल्या त्या गोळ्याचं काय? ते मला पाण्यापेक्षा जड वाटत होतं. वर्षभर एक खोटं सांभाळायचं म्हणजे झोप कुठून येणार. मी जोर नाही केला, त्यांनीच एका रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलेलं. पायात गोळा आलेला माणूस संध्याकाळी धडाधड जिना चढत नाही."

रेसला सगळ्यात मागं, कडेला उभे राहिले, आधी चेहऱ्यावर पाणी मारून घेतलं, गर्दी पुढं जाऊ दिली. दोनदा धडधड आली, दोनदा पाठीवर पडले, एकदा होडी धरली. दुपारी मला मेसेज आला: "झाली रेस. पाण्यातून बाहेर आलो तर मागं चौघंच. एक फायदा झाला मॅडम, स्टँडवर पाचच सायकली उरलेल्या, त्यामुळे माझी शोधावी लागली नाही."