तू 'आब्लास्ते' की 'आब्लास्तेस'?

प्रश्न असा आलाय की स्पॅनिशच्या क्लासमध्ये साध्या भूतकाळात 'तू बोललास'ला 'आब्लास्ते' शिकवतात, पण वेब सिरीजमधली माणसं सर्रास 'आब्लास्तेस' म्हणतात, मग खरं कुणाचं? क्लासचं. बाकी नियमित क्रियापदांचे प्रत्यय कुठल्याही पुस्तकात मिळतील, शेवटी आर असलेल्यांचा एक संच, शेवटी एर आणि इर असलेल्यांचा मिळून दुसरा (कोमिस्ते म्हणजे तू खाल्लंस, बिबिस्ते म्हणजे तू राहिलास), तेवढं पाठ करा. आणि प्लीज 'तो'च्या रूपात आघात शेवटी द्या हो, 'तो बोलला'मधला 'आब्लो' पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटला की त्याचा अर्थ 'मी बोलतो' होतो, आणि आपली मंडळी नेमकं तेच करतात.

आता तो 'स'. तूचं रूप वर्तमानात आब्लास, अपूर्ण भूतकाळात आब्लाबास, भविष्यात आब्लारास, सगळीकडे शेवटी स, मग इथेच का नाही म्हणून लोक तो चिकटवतात, एवढी साधी गोष्ट आहे. काही विद्वान म्हणतात की नाही, हा जुन्या 'वोस'च्या ('तू'साठीचं दुसरं सर्वनाम) 'आब्लास्तेस' रूपाचा अवशेष. असेल अर्जेंटिनात, पण स्पेनमध्ये तो 'वोस' कधीच गेला आणि स मात्र तिथेही ऐकू येतो, त्याचं काय करायचं? उगाच लांबचा घास.

खरी गंमत पुढे आहे. लॅटिनमध्ये हे रूप 'आमाविस्ती' (तू प्रेम केलंस), ते झिजून 'आमास्ती' आणि मग स्पॅनिश 'आमास्ते'. त्या 'ती'ला स कधी नव्हताच, कारण तो प्रत्ययच वेगळ्या घराण्यातला, आपल्या संस्कृतच्या लिट् लकारातल्या (म्हणजे परोक्ष भूतकाळातल्या) 'थ'चा सख्खा भाऊ! गीतेच्या चौथ्या अध्यायात 'न त्वं वेत्थ परन्तप' येतं ना, त्या वेत्थमधला थ. (अर्थ वर्तमानाचा असला तरी रूप लिट्चंच, पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्र दिलंय.) आणि 'आब्लास'मधला स म्हणजे 'असि', 'करोषि'मधला 'सि'. म्हणजे 'आब्लास्तेस' म्हणणारा बिचारा थ आणि सि दोन्ही एकाच क्रियापदाला लावून मोकळा होतो.

आपल्याकडे उलटी तऱ्हा. 'तू कधी आला?', 'तू जेवला का?', 'तू काय केलं?' अरे आलास, जेवलास, केलंस! परवा तर बातम्या देणाऱ्या बाईंनी 'तू का गेली' म्हटलं आणि मी टीव्हीच बंद केला.