वाफ्यासाठी माती: किती घ्यावी, कशी पारखावी

प्रश्न : घरामागच्या मोकळ्या जागेत भाजीपाल्यासाठी प्रत्येकी ३ मीटर लांब आणि १ मीटर रुंद असे दोन वाफे, कडेने फळ्या लावून ३० सेंटिमीटर उंचीचे करण्याचा विचार आहे. ते भरण्यासाठी मातीच्या पिशव्यांचा हिशेब केला, तेव्हा रोपांपेक्षा मातीच कितीतरी महाग पडेल असे दिसले. स्वस्त आणि तरीही चांगली माती कशी निवडावी?

उत्तर : आपला हिशेब बरोबर आहे, फक्त तो एक पायरी पुढून सुरू झाला आहे. एका वाफ्याचे घनफळ ०.९ घनमीटर म्हणजे ९०० लिटर, दोन्हींचे मिळून १,८०० लिटर. पिशवी ४० लिटरची धरली तर ४५ पिशव्या लागतात, आणि नव्याने भरलेली माती पहिल्या काही पाण्यांनंतर खाली बसत असल्यामुळे पुढे आणखी काही आणाव्या लागतील त्या वेगळ्याच. परंतु वाफ्याच्या तळाशी फरशी किंवा काँक्रीट नसून जमीनच असेल, तर सगळी उंची विकतच्या मातीने भरण्याचे कारण काय? मुळे फळीची उंची मोजत बसत नाहीत. खालची जमीन मोकळी असेल तर ती तिच्यातही उतरतात. म्हणून वाफ्याची जागा आधी कुदळीने वीतभर खोल खणून घ्यावी, तिच्यावर पूर्ण कुजलेल्या खताचा ५ सेंटिमीटर जाडीचा थर पसरावा आणि तो मातीत मिसळावा. एवढ्या थराला एका वाफ्यामागे १५० लिटर खत पुरते, म्हणजे दोन्हींना ३०० लिटर. खणलेली जमीन फुगून थोडी वर येते, दोन वाफ्यांमधल्या वाटेची वरची माती खरवडून वाफ्यावर ओढली की उंची आणखी वाढते, आणि मग फळ्यांची गरज खरोखर आहे का, याचाही पुन्हा विचार करता येतो.

जमीन फार खडकाळ किंवा पाणी साचणारी असेल, तर मात्र माती विकत घेण्यावाचून गत्यंतर नाही. तशा वेळी सुटी माती गाडीने मागवावी, कारण पिशवीत मातीबरोबर पिशवीचे, ती भरण्याचे आणि साठवणुकीचेही पैसे आपण मोजत असतो. भाव मापावर आहे की वजनावर, हे बोलणीच्या आरंभीच स्पष्ट करून घ्यावे. एक घनमीटर कोरडी माती साधारणपणे सव्वा टनाच्या आसपास भरते, आणि पावसात चिंब झाली की तीच माती काही शे किलोंनी जड होते. वजनावर घेतलेल्या ओल्या मातीत पाण्याचेही पैसे जातात. वाहतुकीचा खर्च पुष्कळदा मातीच्या किमतीला मागे टाकतो, त्यामुळे शेजाऱ्यालाही माती हवी असेल तर एकच गाडी दोघांत घ्यावी.

मिश्रण करताना मापाने दोन भाग माती आणि एक भाग खत एवढे प्रमाण नव्या वाफ्याला पुरेसे आहे. नुसत्या खतानेच वाफा भरण्याचा मोह अनेकांना होतो, आणि पहिल्या हंगामात पीकही चांगले येते. पण खत कुजत जाईल तसा वाफा खचतो, आणि दरवर्षी तीच भर घालत राहिल्यास मातीत स्फुरद (फॉस्फरस) गरजेपेक्षा जास्त साठत जाते.

प्रश्न : जवळच एका इमारतीच्या पायाचे खोदकाम सुरू आहे. तिथली माती फुकट नेता येईल असे सांगतात. ती घ्यावी का?

उत्तर : कोणत्या थरातली आहे ते पाहिल्याशिवाय घेऊ नये. जमिनीचा सुपीक भाग म्हणजे वरचा, बहुतेक ठिकाणी वीत-दीड वीत जाडीचा थर होय, आणि तेवढा तयार व्हायलाही शतके लागलेली असतात. त्याखालून निघते ती सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारा कस) जवळपास नसलेली, घट्ट किंवा मुरमाड माती. पायाच्या खड्ड्यातल्या ढिगाऱ्यात तिचाच भरणा असतो. खोदकामाच्या पहिल्या दिवशी निघालेली माती वेगळी टाकली असेल तर ती मागावी. ती खालच्या मातीपेक्षा गडद दिसते, मुठीत दाबून सोडली की कणाकणांनी सुटते, आणि तिच्यात बारीक मुळ्यांचे तुकडे आढळतात.

मातीचा पोत पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. उभ्या, पारदर्शक बरणीत एक तृतीयांश चाळलेली माती घालून वर पाणी भरावे, जोरात हलवून बरणी स्थिर ठेवावी. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळाचे कण पुढच्या दोनेक तासांत, आणि चिकणमाती खाली यायला एक-दोन दिवस लागतात. थर पट्टीने मोजले की प्रमाण कळते. वाळू आणि गाळ प्रत्येकी सुमारे ४० टक्के आणि चिकणमाती २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर ती उत्तम पोयटा माती समजावी. एवढे सुंदर प्रमाण फुकटच्या ढिगात क्वचितच मिळते. थोडीफार तफावत खताने सावरता येते. मात्र चिकण माती सैल करण्यासाठी तिच्यात थोडी वाळू मिसळण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो कृपया पाळू नये, कारण वाळू फार मोठ्या प्रमाणात घातली नाही तर ते मिश्रण वाळल्यावर विटेसारखे कडक होते.

जुने घर पाडून तिथे नवे बांधत असतील, तर राडारोड्याकडे लक्ष द्यावे. चुना आणि सिमेंट यांमुळे मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) वाढतो. चिमूटभर मातीवर व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी आहे असे समजावे. याहून गंभीर बाब म्हणजे जुन्या रंगांमधले शिसे, जे डोळ्यांना दिसत नाही आणि वर्षानुवर्षे मातीतच राहते. अशा जागेची माती प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पालेभाज्यांना किंवा कंदमुळांना वापरू नये, आणि तपासणी करायची नसेल तर फुकट मिळत असली तरी ती घेऊ नये.

राहता राहिले तण आणि तणनाशके. ओंजळ-दोन ओंजळी माती कुंडीत घालून तिच्यात घेवड्याचे चार दाणे पेरावेत आणि तीन आठवडे ती ओली ठेवावी. लव्हाळा किंवा हरळी असेल तर ती डोके वर काढते, आणि घेवड्याची कोवळी पाने वेडीवाकडी, पिळवटलेली निघाली तर तणनाशकाचा अंश असल्याचा संशय घ्यावा. हीच परीक्षा विकतच्या शेणखतालाही लावावी. तणनाशक फवारलेला चारा खाल्लेल्या जनावरांच्या शेणातून काही तणनाशके टिकून राहतात, आणि खत कुजल्यानंतरही त्यांचा परिणाम उरू शकतो.

प्रश्न : वाफ्यासाठी आणलेली हीच माती कुंड्यांत भरली तर चालेल का?

उत्तर : नुसती माती चालणार नाही. जमिनीत पाणी खोलवर ओढले जाते. कुंडीत तशी सोय नसल्यामुळे तळाचा काही भाग सतत चिंब राहतो आणि घट्ट बसलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही. तळाशी खडे घालून हा दोष जात नाही, उलट चिंब थर तेवढा वर सरकतो आणि मुळांसाठी जागा कमी उरते. एक भाग माती, एक भाग कुजलेले खत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असे मिश्रण करावे. कोकोपीट दाबलेल्या विटेच्या रूपात घेतल्यास परवडते. ५ किलोंची वीट भिजल्यावर साधारण ७० लिटरपर्यंत फुगते. त्यात क्षार असू शकतात, म्हणून ते दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावे.

प्रश्न : गेल्या वर्षीच्या कुंड्यांमधली माती टाकून द्यावी का?

उत्तर : टाकू नये. झाड मुळे कुजून किंवा मर रोगाने गेले असेल, तेवढीच माती बाजूला ठेवावी. बाकीची चाळून मुळ्या काढाव्यात, ओलसर करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली कडक उन्हात चार ते सहा आठवडे पसरून ठेवावी, आणि चौथा हिस्सा नवे खत मिसळून पुन्हा भरावी. ऊन पुरेसे नसेल तर ही माती फुलझाडांना वापरावी आणि टोमॅटो, वांगी, मिरची यांना त्यांचीच जुनी माती पुन्हा देऊ नये.