शेजारचे कॅथलिक रोज तेच तेच शब्द पन्नास वेळा का म्हणतात?

प्रश्न असा आहे: घोडबंदर रोडला शेजारच्या फ्लॅटमध्ये एक कॅथलिक कुटुंब राहतं. ऑक्टोबरभर रोज संध्याकाळी तिथून एकच प्रार्थना पन्नासेक वेळा ऐकू येते. हे यांत्रिक नाही का, आणि रोजच्या जगण्याशी याचा काय संबंध? शिवाय, आपण हिंदू असून त्यांच्यात जाऊन बसलो तर चालेल का?

मी ठाण्यातलीच. माहेर श्रीरामपूर तालुक्यातलं, सासर इथलंच ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडचे जुने कॅथलिक, नोकरी हॉस्पिटलात नर्सची. मी सिस्टर आहे ती वॉर्डातली, मठातली नव्हे. त्यामुळे घरात आणि ड्युटीवर जे चालतं तेवढंच सांगते.

तुम्ही ऐकता ती रोझरी, म्हणजे जपमाळेचे मणी ओढत येशूची आई मरिया हिला केलेली प्रार्थना. यांत्रिक आहे का? अर्धा वेळ, हो. तोंडाने 'नमो मरिये, कृपापूर्णे' चालू असतं आणि डोक्यात उद्याच्या डब्याची भाजी. मध्येच कुणाचा तरी मोबाइल वाजतो. सासूबाई एका बाजूने मणी ओढत असतात आणि दुसऱ्या हाताने नातवाला 'नीट बस' म्हणून खुणावत असतात. तुम्ही भिंतीपलीकडून ऐकता तेव्हा त्यातली लय तेवढी पोचते, ही गंमत पोचत नाही.

पण तुम्हाला जे एकसुरी वाटतं त्याच्या आत एक हिशेब आहे. पाच दशकं (दशक म्हणजे दहा मण्यांचा गट), प्रत्येक दशकाला आधी एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' आणि मग दहा 'नमो मरिया'. मूळ पूर्ण माळ पंधरा दशकांची, म्हणजे दीडशे 'नमो मरिया'. हा आकडा बायबलातल्या दीडशे स्तोत्रांवरून आला. मध्ययुगात मठातले लोक लॅटिनमधून ती स्तोत्रं म्हणायचे. शेतावरच्या अडाणी माणसाला ते जमणार नव्हतं, म्हणून त्याच्यासाठी ही माळ. माझी आजी उसाच्या पट्ट्यातली, अंगठेबहाद्दर. हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेला जायची, माळ पदराच्या टोकाला बांधलेली. तिला बायबल वाचता येत नव्हतं, पण येशूच्या जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतची सगळी गोष्ट क्रमाने पाठ होती. ती माळेनेच करून घेतली होती.

कारण प्रत्येक दशकाला एक प्रसंग लावलेला असतो, त्याला आम्ही रहस्य म्हणतो. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं: गब्रिएल देवदूताचा निरोप, मरिया एलिझाबेथला भेटायला जाते, येशूचा जन्म वगैरे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची: बागेतली वेदना, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस खांद्यावर, मरण. बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली नव्याने घातली. आमच्याकडचे जुने लोक अजून गुरुवारी आनंदाचीच म्हणतात आणि नव्या पिढीशी त्यावरून दरवर्षी थोडी बाचाबाची होते. मुद्दा काय, तर शब्द तेच राहतात आणि मन त्या प्रसंगात फिरतं. निदान फिरावं अशी अपेक्षा असते.

नाही फिरलं तर? याचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं उत्तर लिझ्यूच्या संत तेरेजाचं आहे, जिला आपल्याकडे लिटल फ्लॉवर म्हणतात. ती 1897 मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली आणि शंभर वर्षांनी, 1997 मध्ये, चर्चने तिला थेट धर्मपंडिताचा मान दिला. तिने स्वतः लिहून ठेवलंय की एकटीने माळ म्हणणं तिला अंगाला काचणाऱ्या प्रायश्चित्ताच्या साधनापेक्षाही जड जायचं. कितीही प्रयत्न केला तरी मन टिकायचं नाही. मठात राहणाऱ्या बाईची ही गत, तर आठ तास उभं राहून घरी आलेल्या माझ्यासारखीचं काय!

आमचेच काही प्रोटेस्टंट नातेवाईक तुमच्यासारखंच विचारतात, फक्त वचनासकट: येशूनेच सांगितलंय ना की प्रार्थना करताना व्यर्थ बडबड करू नका? सांगितलंय, बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात. पण त्याच मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायात, पकडलं जाण्याच्या रात्री, येशू बागेत तिसऱ्यांदा प्रार्थना करतो आणि तेच शब्द पुन्हा म्हणतो. भीतीने घाम फुटलेल्या माणसाला नवीन वाक्यं सुचत नाहीत, हे आयसीयूच्या बाहेर उभं राहिलेल्या कुणालाही पटेल.

तिथेच मी हे पाहिलंय. शहापूरकडचे एक आजोबा, गळ्यात तुळशीची माळ, बायको व्हेंटिलेटरवर. डॉक्टर येऊन काय काय सांगून जायचे. आजोबा मान हलवायचे आणि पुन्हा बाकावर बसून पुटपुटायचे, 'रामकृष्णहरी, रामकृष्णहरी'. रात्री दोनला मी चहा नेऊन दिला तेव्हा कप हातात धरून तेच चालू, चहावर साय धरली तरी. हे यांत्रिक आहे का, असं त्यांना विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. हरिपाठ, जप, नामस्मरण हे सगळं ज्या महाराष्ट्रात घरोघरी चालतं तिथे माळेचं कोडं पडावं याचं मला खरं तर नवल वाटतं.

'नमो मरिया'चे दोन भाग आहेत. पहिला सरळ लूककृत शुभवर्तमानातला, देवदूताचं आणि एलिझाबेथचं बोलणं. दुसरा नंतर जोडला गेला आणि आज म्हणतो त्या रूपात 1568 च्या सुमारास पक्का झाला. त्यात मागणी एकच: आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. नोकरी नाही, फ्लॅट नाही, मुलाची ॲडमिशन नाही. (ते सगळं आम्ही मागतो, नाही असं नाही, त्यासाठी बुधवारी माहीमच्या चर्चला नोव्हेनाची, म्हणजे नवसाच्या प्रार्थनेची, रांग असते.) मला हे 'आता' फार कामाचं वाटतं. रोज पन्नास वेळा 'आता' म्हटल्यावर कधी तरी ते कानात शिरतं, आणि समोर जो पेशंट बेल वाजवतोय तोच 'आता' आहे हे लक्षात येतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे मी त्यावरूनच येते. रोजच्या जगण्याशी संबंध काय, याचा आमच्या परंपरेत पुष्कळ विचार झालाय आणि तो बराचसा व्यवहारी आहे. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी 1609 मध्ये संसारी माणसांसाठीच लिहिलं, आणि त्यात सरळ विचारलं की बिशपने संन्याशासारखं एकांतात राहायचं ठरवलं, किंवा लग्न झालेल्यांनी भिक्षू संन्याशांसारखं काहीच जमवायचं नाही म्हटलं, तर ही भक्ती हास्यास्पद नाही का? ज्याच्या वाट्याला जे काम आलंय त्याला साजेल अशी भक्ती. आविलाची संत तेरेजा आपल्या मठातल्या बहिणींना सांगायची की स्वयंपाकघरात काम लागलं तर रडू नका, देव भांड्याकुंड्यांतही वावरतो. आणि व्हिन्सेंट द पॉल, ज्यांनी सतराव्या शतकात पॅरिसमध्ये आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या बायकांचा संघ उभा केला, ते त्यांना म्हणायचे: प्रार्थनेच्या वेळी गरीब आजाऱ्याने बोलावलं तर प्रार्थना सोडून जा, तो देवाला सोडून देवाकडेच जाण्याचा प्रकार आहे. माझी माळ ड्युटीवर तिसऱ्या दशकातच तुटते, ती याच आधारावर. खिशात माळ नसली तर दहा बोटं असतातच.

उपवासाचंही तसंच. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा आमचा उपवासकाळ तुम्हाला माहीत असेल. शुक्रवारी मांस नाही. पण मासळी चालते. त्यामुळे ईस्ट इंडियन घरात शुक्रवारी ताटात काय येतं ते विचारू नका. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ना, तीच तऱ्हा, फक्त साबुदाण्याच्या जागी पापलेट. आमचे एक फादर प्रवचनात म्हणायचे की पापलेट खाण्यापेक्षा कुणाबद्दल वाईट बोलणं सोडा, स्वस्तातही पडेल. ऐकणारे हसायचे आणि घरी जाऊन दोन्ही करायचे.

एका गोष्टीवर मात्र मला हसता येत नाही. 'देवाला अर्पण कर' हा आमच्याकडचा परवलीचा शब्द. डोकं दुखलं, लोकल चुकली, साहेब ओरडला, तर चिडचिड करण्याऐवजी ते मुकाट्याने ख्रिस्ताच्या दुःखाला जोडून द्यायचं. छोट्या गोष्टींत हे औषधासारखं लागू पडतं, मी रोज घेते. पण हेच वाक्य नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला किंवा कॅन्सरने तळमळणाऱ्या माणसाला ऐकवलं जातं तेव्हा माझं डोकं फिरतं. मॉर्फिन नको, दुःख अर्पण करायचंय, असं पेशंटच्या वतीने नातेवाईक सांगतात! पोप पायस बारावे यांनी 1957 मध्येच भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगितलं होतं की वेदनाशामक देणं योग्य आहे, वेदना कमी करण्याच्या हेतूने दिलेल्या औषधाने आयुष्य थोडं कमी झालं तरीही. स्वतःचं दुःख अर्पण करायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. दुसऱ्याचं दुःख अर्पण करायचा हक्क कुणालाच नाही.

आणि मार सहन करणाऱ्या बाईला 'सोस' म्हणणाऱ्यांना मी ठाण्याचीच गोष्ट ऐकवते. एप्रिल 1321 मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियुस, यांना ठाण्याचे हुतात्मे म्हणतात. थॉमसला 1894 मध्ये पोपनी धन्य घोषित केलं. ते चीनला निघालेले, वाटेत ठाण्याला उतरले आणि एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती घरात राहिले. त्यांच्या अस्थी पुढे चीनला नेणारा ओदोरिक नावाचा फ्रान्सिस्कन संन्यासी हकीकत लिहून गेलाय, आणि तिची सुरुवात एका घरगुती भांडणाने होते. त्या घरातल्या नवऱ्याने बायकोला बेदम मारलं. ती उठली आणि काझीकडे तक्रार घेऊन गेली. साक्षीदार कोण, असं विचारल्यावर तिने घरातल्या चार पाहुण्यांकडे बोट दाखवलं. त्यातले तिघे काझीसमोर गेले, पीटर सामान सांभाळायला मागे राहिला. तिथे बोलणं मारहाणीवरून धर्मावर गेलं, वाद पेटला आणि पुढे चौघांचाही जीव गेला. चौघांची नावं उरली, त्या बाईचं नाव ओदोरिक सांगत नाही. पण सातशे वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका ख्रिस्ती बाईने मार मुकाट्याने देवाला अर्पण केला नव्हता, हे त्या कागदावर आहे. पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीत, हुतात्म्यांविषयी बोलताना हा भाग सहसा गाळतात. मी गाळत नाही.

आता तुमचं शेवटचं. जाऊन बसा, बिनधास्त. घरातली माळ म्हणजे मिस्सा, चर्चमधली मुख्य उपासना, नव्हे. मिस्सेला कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, फक्त कॅथलिकांनी घ्यायचं असतं. इथे तसलं काहीच नाही. ऑक्टोबर हा माळेचा महिना, 7 तारखेला जपमाळेच्या राणीचा सण. त्यामुळे मरियेची मूर्ती रोज वेगळ्या घरी नेतात आणि तुमच्या मजल्यावर येईल तेव्हा बहुतेक शेजारी स्वतःच बोलावतील. नाही बोलावलं तर बेल वाजवून विचारा, कुणीही नाही म्हणणार नाही. साडेसातची वेळ सांगितली असेल तर पावणेआठ धरा. म्हणायचं काही नाही, नुसतं बसलात तरी चालतं. म्हणायचंच असेल तर दुसरा अर्धा भाग सगळे एकसुरात म्हणतात, दुसऱ्या दशकापर्यंत तुम्हालाही येईल.

माळ संपली की लोक उठतील असं वाटेल, पण उठू नका. त्यानंतर लितानी असते, मरियेची एकामागून एक नावं आणि प्रत्येक नावाला 'आम्हांसाठी विनंती कर'. ती चारशे वर्षांहून जुनी आहे, पण 2020 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्यात तीन नावं वाढवली. त्यातलं एक 'स्थलांतरितांचा दिलासा', ते ऐकून घ्या. आमच्या विंगमध्ये ते आलं की मंगळुरूवाले, केरळवाले, वसईवाले आणि आम्ही नगरवाले सगळेच जरा मोठ्याने उत्तर देतो. शिवाय उकडलेले चणे लितानी झाल्यावरच वाटतात.