खाली घेतलेल्या जुन्या पिकअपला कोणती डिस्क आणि कोणता टायर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाळीसगावची जुनी जीप-पिकअप, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद), पुढे-मागे पाटे (लीफ स्प्रिंग), पाच नटांची चाकं, ६.००-१६ टायर. पाटे उतरवून गाडी तीन इंच खाली घेतली आहे. दुकानदार २० इंची अलॉय घ्या म्हणतो, मित्र १५ म्हणतात.

२० इंची नको. १५ किंवा १६ इंची, ७ इंच रुंद डिस्क (टायर जिच्यावर चढतो ती रिम), ऑफसेट (चाक गाडीला टेकतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिमी सरकलेली आहे ते) शून्याच्या आसपास, आणि टायर २१५/७५ आर १५ (रुंदी २१५ मिमी, बाजूची भिंत रुंदीच्या ७५ टक्के, रिम १५ इंची) किंवा २३५/७० आर १६ इथून सुरुवात करा. पण हे आकडे घेऊन थेट दुकानात जाऊ नका. खाली घेतलेली गाडी उभी असताना टायर कुठेच घासत नाही. घासतो तो खड्ड्यात, स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना. म्हणून आधी गाडीचं माप घ्या. त्यातून टायरची उंची ठरवा आणि डिस्कचं नंतर बघा.

उंची आधी का, ते सांगतो. तुमच्या गाडीला दोन्हीकडे सरळ एक्सल आहे. पाटे उतरवले की चेसी खाली येते, पण डिफरन्शियलचा गोळा (एक्सलच्या मधला गिअरचा फुगवटा) होता तिथेच राहतो. तो खाली येतो फक्त टायर बुटका केल्यावर. ६.००-१६ ची उंची सुमारे ७३० मिमी असते. २१५/७५ आर १५ ची ७०४ मिमी, म्हणजे गोळा १३ मिमी खाली, एवढं चालतं. २३५/७० आर १६ ७३५ मिमी, म्हणजे जवळपास मूळचीच उंची. २४५/४५ आर १८ घातलात तर ६७८ मिमी: गोळा २६ मिमी खाली, शिवाय खरा वेग ८० असताना मीटर ८६ दाखवणार. पावसाळ्यानंतर काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात. अशा शेतरस्त्यावर हे २६ मिमी फार महाग पडतात. दिसायला गाडी खाली हवी तर ती पाट्यांनी करा, टायरने नको.

दुकानदार म्हणेल, २४५/४५ आर २० घ्या, उंची ७२९ मिमी, तेवढीच. उंचीचं त्याचं खरं आहे. पण टायरची बाजूची भिंत ११० मिमी उरते, २१५/७५ ला ती १६१ मिमी असते. तीन इंच खाली घेतलेल्या गाडीच्या पाट्यांकडे धक्का पचवायला जागा कमी उरलेली असते, तो भार आता टायरच्या भिंतीनेच घ्यायचा. ती भिंतही कमी केली तर खड्ड्यात रिमची कड आणि रस्ता यांच्यात टायर चिमटला जातो, आतले धागे तुटतात, फुगा येतो, नाहीतर अलॉयची कड वाकते. शिवाय २० इंची संच सहसा जड असतो, आणि कन्नड घाट उतरताना जुन्या ड्रम ब्रेकला ते वजनही आवरावं लागतं.

आता माप. हौद्यात ५० किलोच्या सरकीच्या किंवा सिमेंटच्या गोण्या भरा, नेहमीच्या भारापेक्षा दोन-तीन जास्तच. एक पुढचं चाक आणि तिरकं समोरचं मागचं चाक १०० ते १५० मिमीच्या लाकडी ठोकळ्यावर चढवा. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवा आणि चाकापासून पाटा, टाय रॉडचं (पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्याचं) टोक, शॉक ॲब्सॉर्बरचा खालचा भाग आणि मडगार्डची आतली कड किती दूर आहे ते लिहून ठेवा. मग ठोकळ्यांची तिरकी जोडी बदलून पुन्हा तेच. वळणाऱ्या चाकापासून लोखंडी भागाला किमान १२ मिमी, मडगार्डच्या कडेला वरून २५ मिमी मोकळी जागा हवी. पाट्यांचे बुश झिजलेले असतील तर एक्सल आडवा सरकतो, म्हणून मागे बाजूने २० मिमी धरा. शेवटी मडगार्डच्या आत ओल्या काळ्या मातीचे गोळे चिकटवा आणि गाडी हळू चालवा. कुठे टेकतंय ते माती दाबून दाखवते. यापेक्षा सोपी खूण दुसरी नाही.

या वेळी एक्सल आणि बंप रबर (एक्सल वर आला की चेसीला आपटू न देणारा रबरी ठोकळा) यांच्यातली जागाही बघा. तीन इंच म्हणजे ७५ मिमी गेलेच. मोकळ्या गाडीत ४० मिमीपेक्षा कमी उरली असेल तर टायर बदलून काही होणार नाही, आधी पाट्यांचं काम परत करा. रबर कापून जागा काढलीत तर चाक आणखी वर जाईल, मग ही सगळी मापं पुन्हा घ्या.

अजून एक माप बहुतेक जण घेत नाहीत. एका चाकाच्या रिमची खालची कड आणि त्याच एक्सलवरच्या दुसऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग यांच्यामध्ये दोरी ताणा. दोरीच्या खाली काहीही लोंबता कामा नये, मग ते यू-बोल्टचं टोक असो, शॉकचा कंस असो की टाय रॉड. पंक्चर झालं की गाडी रिमवर बसते. दोरीच्या खाली जे लोंबतंय ते तेव्हा रस्ता खरवडतं, आणि टाय रॉड असेल तर स्टिअरिंगच हातातून जातं.

डिस्कचा पीसीडी (सगळे स्टड, म्हणजे नट बसतात ते बोल्ट, ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) मोजताना पाच नटांत समोरासमोर स्टड नसतो, म्हणून शेजारच्या दोन स्टडच्या केंद्रांमधलं अंतर घ्या आणि ०.५८८ ने भागा. जीपच्या धाटणीच्या गाडीत ८२ मिमी येईल, म्हणजे १३९.७. जिप्सीचाही हाच. ६७ मिमी आलं तर ११४.३. तशी चाकं बाजारात भरपूर, पण ती इथे बसत नाहीत, आणि भोक घासून बसवू तर मुळीच नका. मधल्या भोकातून पुढचा हब (एक्सलच्या टोकाचा, चाक ज्यावर बसतं तो भाग) आरपार जातो का ते डिस्क हातात घेऊन तपासा. जीपचा हब बाहेर आलेला असतो, अरुंद भोकाची अलॉय तिथेच अडते.

जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या स्टडला उलटे आटे असतात, टोकावर ‘एल’ कोरलेला दिसतो. अलॉयबरोबर येणारे सगळे नट सुलट आट्यांचे. जबरदस्तीने फिरवले की स्टड गेला. अर्धा इंची, इंचाला वीस आट्यांच्या स्टडवर नट किमान १० फेरे घट्ट बसला पाहिजे. अलॉय जाड असते, फेरे कमी पडले तर लांब स्टड टाका. चाकामागे स्पेसर (जाड चकती) घालून ऑफसेट जुळवू नका, स्टडवरचा ताण वाढतो.

ऑफसेटचा हिशेब सोपा आहे. ७ इंची रिमची बाहेरची रुंदी साधारण ८ इंच. ऑफसेट शून्य असेल तर हब टेकतो तिथून आतली कड १०२ मिमी. हल्लीच्या एसयूव्हीची अलॉय अनेकदा +४० ची, म्हणजे आतली कड १४२ मिमी, थेट पाट्यावर. उलट बाजूला उणे २५ वगैरे घेतलंत तर चाक बाहेर येतं, स्टिअरिंग जड होतं, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) आणि बेअरिंग लवकर जातात. जुनी ४.५ इंची डिस्क ठेवून त्यावर रुंद टायर चढवायचा विचार असेल तर सोडा: २१५/७५ आर १५ ला ५.५ ते ७ इंच, २३५/७० आर १६ ला किमान ६ इंच रुंद रिम लागते.

भार विसरू नका. भरलेल्या गाडीचा मागचा एक्सल वजनकाट्यावर तोला. १३०० किलो भरला तर एका टायरवर ६५०. ९५ इंडेक्सचा (टायरवर कोरलेला भाराचा क्रमांक) टायर ६९० किलो पेलतो, पण तो आकडा कारसाठी आहे. कारचा टायर पिकअपला लावताना अमेरिकेच्या नियमात १.१० ने भागतात, मग उरतात ६२७. म्हणून १००, म्हणजे ८०० किलो, किंवा त्यावरचा घ्या. अलॉयच्या मागे कोरलेला भारही वाचा.

चारही टायर आणि स्टेपनी एकाच उंचीची. मागे मोठे, पुढे छोटे छान दिसतात, पण फोर बाय फोर लावली की ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत) ताण साठतो.

जळगाव-भुसावळकडच्या उन्हाळ्यात हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. दर १० अंशांना दाब सुमारे दीड पीएसआय वाढतो, म्हणून दुपारी वाढलेली हवा काढू नका. घेताना बाजूचे चार आकडे बघा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. दुकानाबाहेर उन्हात रचलेला टायर नवा असला तरी घेऊ नका.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, म्हणून पैसे देण्याआधी आरटीओत विचारा. टायर मडगार्डच्या बाहेर दिसू देऊ नका.

बसवताना नट चांदणीच्या क्रमाने, १०० ते १२० न्यूटन-मीटरला. धुळ्याला जाऊन आलात की थंड चाकावर पुन्हा तपासा, नवी अलॉय पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये बसते आणि नट सैल होतात.