दोन जिलब्या आणि त्यापुढचं वाक्य

"ताई, खाल्लं की मला चोरी केल्यासारखं वाटतं. कुणी बघितलेलं नसतं, पण मीच मला पकडते." इंदूरच्या रामबागेतून येणाऱ्या चाळिशीच्या एका बाईंनी पहिल्याच भेटीत हे सांगितलं. त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हीच तक्रार घेऊन माझ्याकडे कितीतरी जणी येतात.

इंदुरात राहून खाण्याशी वैर धरणं फार दमवणारं. सकाळी पोहे-जिलबी, संध्याकाळी छप्पन दुकान ही खाऊगल्ली, रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की सराफ्यात खाण्याचा बाजार. बाईंचा रविवार असा जायचा: यजमान पोहे-जिलबी आणत, त्या दोन जिलब्या खात. त्याची भरपाई म्हणून दुपारचं जेवण बंद. रात्री ओटा आवरून झाला की दिवा न लावता शेवेचा डबा उघडायचा आणि उभ्याउभ्याच मुठीने खायचं. मग झोप लागेपर्यंत स्वतःला शिव्या. हावरट. ढोली. सोमवारी कडक उपास, तोही देवासाठी नव्हे.

त्यांना वाटत होतं, आपला मनावर ताबा नाही. मला मात्र ते दुपारचं बुडालेलं जेवण खुपत होतं. 'एकादशी, दुप्पट खाशी' असं आपण हसून म्हणतो, पण शरीर खरंच तसं वागतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना दिवसरात्र अन्नच सुचायला लागलं, काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. पुढे जेवण मोकळं झाल्यावरही कित्येकांना पोट भरल्याचं कळेना. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ती मुलं हावरट नव्हती."

नव्हती. उपाशी होती.

पहिलं काम साधं होतं: काहीही झालं तरी दुपारी पोळी-भाजी, वरण-भात. आदल्या दिवशी काय खाल्लं याचा हिशेब त्यात आणायचा नाही.

दुसरं काम अवघड निघालं. मी म्हटलं, रविवारी काय खाल्लंत ते एका वाक्यात सांगा. "दोन जिलब्या खाल्ल्या, म्हणजे बघा ना, मला काही..." मी थांबवलं. वाक्य 'खाल्ल्या'शीच संपवायचं. पाच-सहा वेळा केलं, दर वेळी पुढचं शेपूट आलंच. शेवटी एकदा त्या 'खाल्ल्या'शी थांबल्या आणि रडू लागल्या. ते शेपूट आत्याचं होतं. अकराव्या वर्षी लग्नाच्या पंगतीत त्यांनी श्रीखंड पुन्हा मागितलं, तेव्हा आत्या सगळ्यांदेखत म्हणाली होती, "पोरीच्या जातीला एवढा हावरटपणा शोभत नाही." मुलांच्या ताटाकडे बघून आपण मोठी माणसं काय काय बोलतो! मला त्याचा फार राग येतो.

मग मी विचारलं, जिलबी कशी होती? त्यांना सांगताच येईना. इतक्या वर्षांत चव लागलीच नव्हती.

बाईंना उलट्या काढण्याची किंवा जुलाबाच्या गोळ्या घेण्याची सवय नव्हती, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. तसं असेल, किंवा खाणं सतत हाताबाहेर जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायलाच हवं. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, फोन करूनही सुरुवात करता येते.

चार महिने लागले. 'हावरट' अजूनही कानात येतं, विशेषतः लग्नकार्यात. पण त्यानंतरचा उपास सुटला आहे. शेवेचा डबा आता दिव्याच्या उजेडात उघडतो, तोही बशी घेऊन. थंडीत सराफ्यात तळलेल्या कंदाचे गराडू मिळतात. तिथूनच एका रात्री त्यांचा मेसेज आला: "गराडू खाल्ले. कुरकुरीत होते, पण जिरावन मसाला जरा जास्त पडला होता."